पिंजऱ्यातून शार्क बघायला निघालात? या चुका टाळा

आमच्या वरुडकडे मासा म्हणजे रोहू, कतला, फार तर मरळ. समुद्र सातशे किलोमीटरवर. त्यामुळे मी आणि आतेभाऊ दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात उतरून शार्क बघणार हे कळल्यावर काकांनी एकच विचारलं, "काहून? विहिरीत जागा नव्हती काय?" सगळ्यांना भीती शार्कची होती. आम्हाला त्रास दिला तो मात्र बाकीच्या सगळ्यानं.

पहिली चूक घरबसल्याच होते: जुने व्हिडिओ बघून बेत आखणं. काचेसारख्या निळ्या पाण्यातले ते व्हिडिओ बरेचदा मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाचे असतात, आणि तिथलं हे पर्यटन सरकारनं 2023 च्या जानेवारीत कायमचं बंद केलं. केप टाउनपासून दोन-अडीच तासांवरच्या गान्सबाईचं पाणी हिरवट, गढूळ. कधी कधी दोन-तीन मीटरपलीकडे काही दिसत नाही. शिवाय 2017 पासून तिथे ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, येऊन ग्रेट व्हाइट शार्क मारू लागले, त्यांची यकृतं खाऊ लागले. तेव्हापासून ग्रेट व्हाइट दुर्मीळ झाले. आता बहुतेकदा दिसतो तो तांबूस रंगाचा कॉपर शार्क. ताडोबाला दोन सफाऱ्या करून फक्त चितळ बघून आलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. बुकिंग करताना थेट विचारा: गेल्या आठवड्यात कोणते शार्क दिसले? उत्तर गोलमाल आलं की दुसरीकडे बघा.

तारखांचा घोळ आमचाही झाला. ग्रेट व्हाइटसाठी तिथला हिवाळा, म्हणजे मे ते सप्टेंबर, चांगला मानतात. नेमकी आपल्याकडे तेव्हा पेरणी. पेरणी उरकून पळत गेलो आणि हातात एकच दिवस ठेवला. त्या दिवशी लाटा उंच होत्या, बोट निघालीच नाही. अशा वेळी चिडून "काही होत नाही, न्या" म्हणू नका. 2008 मध्ये याच किनाऱ्याजवळ शार्क दाखवणारी एक बोट मोठ्या लाटेनं उलटून तीन पर्यटक गेले होते. किमान तीन दिवस राखून ठेवा, आणि बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात की नुसती दुसरी तारीख, हे लेखी घ्या. आम्ही तिकीट पुढे ढकललं. त्याचा भुर्दंड संत्र्याच्या हिशोबात अजून दिसतो.

स्वस्त तिकीट नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लशीचं प्रमाणपत्र लागतं का, ते आधी तपासा. ही लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. प्रवास विम्यात साहसी खेळ धरलेत का, तेही वाचा.

आता पोटाचं. बोट धावते तोवर काही होत नाही. नांगर टाकला की ती जागेवर डोलते, वर शार्कला बोलवायला टाकलेल्या माशाच्या तेलाचा वास. आतेभाऊ "जहाजावर पोट रिकामं बरं" म्हणून उपाशी आला आणि सगळ्यात आधी आडवा झाला. उपाशी नको, तर्री-पोह्यासारखं तिखटही नको. टोस्ट, केळं पुरे. प्रवासाची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. सुरू झालीच तर डिझेलच्या धुरापासून लांब बसा, मोबाइल ठेवा, नजर क्षितिजावर. बऱ्याच जणांना पाण्यात उतरल्यावर बरं वाटतं, म्हणून पिंजऱ्याचा नंबर सोडू नका.

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना वाटतं, आपल्याला काय अवघड! पोहायचं नसतंच मुळी. पिंजरा बोटीला बांधलेला, वरचा भाग पाण्याबाहेर. श्वासासाठी हवेची टाकीही बहुधा नसते. वरून "डाउन" अशी आरोळी आली की श्वास रोखून खाली जायचं, दहा-पंधरा सेकंद बघायचं, वर यायचं. अवघड असते ती थंडी: पाणी बारा-पंधरा अंशांचं. जाड वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, अंगाला घट्टच हवा; सैल घेतला की गार पाणी आत खेळत राहतं.

डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कमध्ये पाणी शिरतंय? मिशी बघा. आपल्याकडच्या भरघोस मिशीवर मास्क बसत नाही. मी ओठावरची थोडी कातरली, आतेभावानं इज्जतीचा प्रश्न केला आणि नाकात खारं पाणी घेतलं. काच धुरकट झाली तर आतून थुंकी चोळून विसळा. चष्मा मास्कखाली चालत नाही. नंबरचा मास्क आधी मागा किंवा डॉक्टरांना लेन्सचं विचारा.

हात-पाय आतल्या दांड्यावरच ठेवा. कॅमेऱ्याची काठी गजाबाहेर काढू नका. आणि मोबाइल साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊ नका. ती पिशवी पावसाळ्यात वावरात चालते. आतेभावाचा फोन तिथेच गेला.