वेगवाढीचा पॅच तपासताना: लाँगजंपनंतर स्टॅकचा माथा कुठे असतो?

लिस्प भाषेचा बाइटकोड (प्रोग्रामचं छोट्या सूचनांमध्ये केलेलं रूप) चालवणाऱ्या इंटरप्रिटरचा वेग वाढवणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पहिल्यांदा तपासायला आला, तेव्हा मी आधी बेंचमार्कचे आकडे पाहिले. आकडे छान होते, बदल छोटा होता, चाचण्या पास होत्या. मी मंजुरी दिली. त्या मंजुरीची बोच अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

इंटरप्रिटर हिशोबातली मूल्यं स्टॅकवर एकावर एक रचतो. पॅचने त्या स्टॅकच्या माथ्याचा पॉइंटर स्ट्रक्टमधून काढून मुख्य फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलमध्ये आणला होता. कल्पना चांगलीच. जवळजवळ प्रत्येक ऑपकोड, म्हणजे बाइटकोडची एकेक सूचना, त्या पॉइंटरला हात लावतो. तो रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच जागेत, राहिला की मेमरीच्या फेऱ्या वाचतात. घोळ होता कंडिशन-केसमध्ये, म्हणजे लिस्पच्या एरर पकडणाऱ्या रचनेत. तिथे इंटरप्रिटर सेटजंप करतो, म्हणजे परतायची जागा नोंदवून ठेवतो, आणि पुढे एरर आली की लाँगजंपने त्याच जागी परततो.

आता हे सावकाश वाचा. सी भाषेचं मानक सांगतं की सेटजंप करणाऱ्या फंक्शनमधलं लोकल व्हेरिएबल मधल्या काळात बदललं असेल आणि व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतच वाचा-लिहा, अशी कंपायलरला दिलेली खूण) नसेल, तर परत आल्यावर त्यात काय असेल याची खात्री नाही. पॅच पाठवणाऱ्याच्या कंपायलरने पॉइंटर रजिस्टरमध्ये ठेवला. लाँगजंपने ते रजिस्टर पूर्ववत केलं, पॉइंटर आपोआप जुन्या उंचीवर आला, सगळं बरोबर दिसलं. दुसऱ्या कंपायलरला रजिस्टरं पुरली नाहीत, त्याने तोच पॉइंटर मेमरीत ठेवला. मेमरीला लाँगजंप हात लावत नाही. पॉइंटर एररच्या क्षणी होता तिथेच राहिला, आणि अर्धवट राहिलेल्या कॉलची आर्ग्युमेंटं स्टॅकवर पडून राहिली. समजा, बाहेर दोन घटकांची लिस्ट बनते आहे: पहिला एक व्हेरिएबल, दुसरा कंडिशन-केसचं उत्तर. हँडलरचं, म्हणजे कंडिशन-केसमधल्या एरर सांभाळणाऱ्या भागाचं, उत्तर त्या कचऱ्यावर चढतं, लिस्टचा ऑपकोड वरची दोन मूल्यं उचलतो, आणि पहिल्या जागी कचरा येतो. क्रॅश नाही, एरर नाही, नुसतं चुकीचं उत्तर.

चाचण्यांनी हे पकडलं नाही, कारण प्रत्येक चाचणीत कंडिशन-केस फंक्शनच्या शेवटी होता. रिटर्न फक्त सगळ्यात वरचं मूल्य घेतं. खाली काय साचलंय ते कोण बघतो? तेव्हा कंडिशन-केस आर्ग्युमेंटांच्या मधोमध ठेवून चाचणी लिहा, आणि ती ऑप्टिमायझेशन बंद करूनही चालवा.

दुरुस्तीसाठी व्होलाटाइल मागू नका. प्रत्येक वेळी मेमरीत जावं लागलं की पॅचचा फायदाच संपला. ईमॅक्स या एडिटरमधला लिस्प इंटरप्रिटर हँडलर बसवताना स्टॅकचा माथा आणि उडीचा पत्ता हँडलरच्या स्ट्रक्टमध्ये लिहून ठेवतो आणि परतल्यावर तिथूनच वाचतो. एका हँडलरमागे एकदा लिहायचं, एवढाच खर्च.

हे आधी माहीत नसेल तर घाबरू नका. एकदा हाताने स्टॅकचं चित्र काढलं की कायमचं कळतं. मला मात्र वरिष्ठांनी ‘बेंचमार्क बघ आणि सोड’ एवढंच शिकवलं होतं. असा सल्ला देणाऱ्यापेक्षा शेजारी बसून एका ऑपकोडचं असेंब्ली वाचून दाखवणारा माणूस शोधा.

आकड्यांबद्दल थोडंच सांगतो. फिबोनाचीच्या बेंचमार्कवर मंजुरी देऊ नका. त्यात कॉल आणि बेरीज-वजाबाकी सोडून फारसं काही नसतं, एरर तर कधीच येत नाही. आणि तुलना कशाशी केली आहे ते विचारा. पायथन ३.१४च्या टेल-कॉल इंटरप्रिटरचा (प्रत्येक ऑपकोडचं वेगळं फंक्शन, एकातून थेट पुढच्यात उडी) फायदा सुरुवातीला १०-१५ टक्क्यांच्या घरात दिसला होता. २०२५ मध्ये कळलं की एलएलव्हीएम १९ या कंपायलरमधल्या बगमुळे जुना कंप्युटेड गोटोचा (एकाच फंक्शनमध्ये पुढच्या ऑपकोडच्या पत्त्यावर उडी मारणारा) कोडच मंदावला होता. खरा फायदा ३ ते ५ टक्के निघाला. काम उत्तमच होतं, तुलनेची पट्टी आखूड होती.

आता असा पॅच आला की मी आधी सेटजंप शोधतो. मग त्या फंक्शनमधलं प्रत्येक लोकल व्हेरिएबल कागदावर उतरवतो आणि परतल्यावर ते कुठून वाचलं जातं ते समोर लिहितो. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी पॅच प्रश्नासकट परत जातो.