केमो चालू असताना घरच्यांनी या चुका टाळा

खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरवर उपचार आणि संशोधन करणारं केंद्र आहे. त्यामुळे खारघर, कामोठे, तळोजा, पनवेल या पट्ट्यात गावाकडून आलेली कितीतरी कुटुंबं महिनोन् महिने भाड्याची खोली घेऊन राहतात. मी या भागात आणि ठाण्यात घरोघरी जाऊन कॅन्सरच्या पेशंटची शुश्रूषा करते. आजार वेगळे, माणसं वेगळी, पण चुका त्याच त्या. बहुतेक चुकांचं मूळही एकच असतं. शरीर काहीतरी सांगत असतं आणि घरातले ते ऐकायच्या आधी दाबायला धावतात.

ताप आला की आधी क्रोसिन

ही चूक बघून माझा जीव सर्वांत जास्त तुटतो. कामोठ्यातलं एक घर. काकांना लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, केमो होऊन दहावा दिवस. संध्याकाळी अंगात कणकण आली. मुलाने कपाळाला हात लावून बघितला आणि डोलो दिली. थर्मामीटर कपाटातच राहिला. घाम फुटला, ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं. रात्री पुन्हा हुडहुडी, पुन्हा गोळी. सिस्टरला एवढ्या रात्री कशाला उठवायचं, असं ठरलं. पहाटे काका बाथरूमला निघाले आणि दारातच खाली बसले. मी पोहोचले तेव्हा हातपाय गार, बोलणं असंबद्ध, वरचं बीपी ८० च्या खाली. मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण सिस्टर, ताप तर उतरलाय ना?" ताप खरंच उतरला होता. जंतू मात्र रात्रभर रक्तात वाढत राहिले होते. काका आयसीयूतून बाहेर आले, पण केमोची पुढची फेरी (सायकल) लांबली आणि डोसही कमी करावा लागला.

असं का होतं ते नीट समजून घ्या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. औषधाप्रमाणे हे दिवस थोडे मागेपुढे होतात. जखम लाल होणं, सुजणं, त्यात पू धरणं, हे सगळं पांढऱ्या पेशींचंच काम. त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या मुख्य पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, रक्ताच्या रिपोर्टमध्ये ५०० च्या खाली गेल्यावर ते काम करायला कुणी उरत नाही. मग आत मोठा संसर्ग असूनही बाहेर काही दिसत नाही, दिसतो तो फक्त ताप. पॅरासिटामॉल ती एकुलती एक खूण पुसून टाकतं.

म्हणून केमो चालू असलेल्या माणसाचा ताप आधी मोजा. १००.४ फॅरेनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना किंवा वॉर्डला फोन करा. गोळी त्यांनी सांगितल्यावरच. काखेत मोजलेला ताप आतल्यापेक्षा कमी भरतो, म्हणून काखेत १०० दिसला तरी मी फोन करायला सांगते. हुडहुडी भरली, पेशंट गळून गेला, पण ताप नाही, तरीही फोन. स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबून राहू शकतो. गुदद्वारात थर्मामीटर, तापाची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी), एनिमा यातलं काहीही या दिवसांत करू नका. तिथे साधी चीर पडली तरी जंतूंना वाट मिळते.

दवाखान्यात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना मी पहिल्याच भेटीत विचारते, ट्रॅफिक तुंबलेलं असताना जवळचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल कोणतं? ते आधी ठरवा. पहिला डोस तिथे घ्या, मग मूळ हॉस्पिटलशी बोलून पुढचं बघा. प्रत्येक घरात मी दाराच्या खुंटीला एक पिशवी लावून घेते. तिच्यात फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) आणि एक कार्ड. कार्डावर केमोची तारीख, औषधांची नावं, रक्तगट. कॅज्युअल्टीत शिरताना पहिलं वाक्य हेच हवं: "केमो चालू आहे, दहावा दिवस, ताप आलाय." नुसतं "ताप आलाय" म्हणालात तर रांगेत बसाल.

याच्याच जोडीला काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशी, वाढवायच्या इंजेक्शनची घाई. केमो संपून निदान २४ तास गेल्याशिवाय ते घ्यायचं नसतं. गावाची गाडी पकडायची आहे म्हणून "सिस्टर, आजच टोचून टाका" म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही सांगते. गाडी उद्याही असते. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही. त्यानंतर कंबर, मांड्या ठणकतात, ते बहुधा त्या इंजेक्शनमुळेच. पण त्या दुखण्यावरही ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने नकोत. प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होऊ शकतो.

सलाइनचा हात जळतोय, पण सांगायचं नाही

डे-केअरमध्ये शेजारचे सगळे शांत बसलेले असतात, मग आपली बाई कशाला तक्रार करेल? डॉक्सोरुबिसिन हे केमोचं लाल रंगाचं औषध शिरेबाहेर गेलं तर सुरुवातीला फक्त थोडी जळजळ आणि फुगवटा दिसतो. त्वचा काळवंडून जखम व्हायला काही दिवस जातात आणि ती स्नायूच्या दोरीपर्यंत खोल जाऊ शकते. म्हणून सुईपाशी जळजळलं, ताणलं, ओलसर लागलं की तिथल्या तिथे हाक मारा. नव्या सिस्टरनाही माझं सांगणं आहे. "थोडंच उरलंय, जाऊ द्या" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. औषध बंद करा, सुई लगेच उपटू नका, आधी त्याच सुईतून जेवढं ओढता येईल तेवढं मागे ओढा आणि डॉक्टरांना बोलवा.

घरी आल्यावर आजी मिठाच्या पुरचुंडीने शेकायला बसते. तिची माया मला कळते. पण डॉक्सोरुबिसिनला थंड शेक लागतो आणि व्हिनक्रिस्टिन या केमोच्या दुसऱ्या औषधाला गरम. उलटं केलं तर इजा वाढते. चोळणं तर दोन्हीत नाही.

पिक लाइन (औषधासाठी दंडाच्या शिरेतून आत घातलेली लांब नळी) असलेल्या हाताला बीपीचा पट्टा नको, त्या हाताने पाण्याची बादली उचलणं नको आणि फ्लश, म्हणजे नळी सलाइनने धुणं, १० मिलीच्या सिरिंजनेच. छोट्या सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फाटू शकते.

तोंड आलं असेल तर झोंबणारं माउथवॉश बंद. ग्लासभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ, चिमूटभर खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ. नाकातल्या नळीने भरवताना पाठ टेकून बसवा, नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. रेडिएशनच्या खुणा घासून काढू नका.

गुळवेलीचे काढे नकोत. "झाडपाल्याने काय होतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते, कोरोनाकाळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. केमोत यकृतावर आधीच भार असतो.

मॉर्फिन "शेवटचं औषध" म्हणून लपवून ठेवणं

डॉक्टर लिहून देतात आणि घरचे डबीत जपून ठेवतात. सवय लागेल, शुद्ध जाईल, म्हणजे आता संपलंच, अशी भीती. माणूस रात्रभर कण्हत असतो आणि गोळी कपाटात. सतत दुखणाऱ्या माणसाला मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. कळ असह्य व्हायची वाट बघितलीत तर तेवढाच डोस पुरत नाही. मात्र मॉर्फिनने पोट बांधतं आणि ते बांधलेलं राहतं, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक सोबत हवंच. मी घरी गेले की दुखण्याच्या आधी शौचाला कधी झालं हे विचारते. सुना लाजतात, सासरे चिडतात, तरी विचारते. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती कुटून नळीतून देऊ नका, बारा तासांचा डोस एकदम उतरतो. पेशंट हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस थांबवून लगेच दवाखाना गाठा.

आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, चालताना चप्पल निसटायला लागली, लघवी अडली, तर अशक्तपणा म्हणून टॉनिक आणू नका. गाठीने मज्जारज्जू दाबला गेलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. पुढची अपॉइंटमेंट सोमवारी असेल तरी सोमवारपर्यंत थांबू नका.