टीनेजर्सच्या बुटांचं कॅम्पेन करताय? आधी दुकानात कोणता नंबर विकला जातोय ते बघा

जाहिरात एजन्सीत लागून मला आठ महिने झाले होते तेव्हा पहिल्यांदा एक अख्खं कॅम्पेन माझ्याकडे आलं, १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी नवीन स्नीकर ब्रँड, लाँच मे महिन्यात, म्हणजे शाळा उघडायच्या आधी. ब्रीफ (क्लायंटला काय हवंय), पर्सोना (गिऱ्हाईक कसं आहे), मीडिया प्लॅन (जाहिरात कुठे, कोणाला दाखवायची) यात शिरत नाही. मी जिथे अडकले तेवढंच नीट सांगते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

प्लॅनमध्ये मी लिहिलं होतं वय १३–१७, आवड स्नीकर्स, फुटबॉल, गेमिंग. क्लायंटनी पास केला. ॲड लावायला बसलो तर ते ऑप्शनच नाहीत! फेब्रुवारी २०२३ पासून इन्स्टा-फेसबुकवर १८ च्या आतल्या मुलांसाठी फक्त वय आणि लोकेशन निवडता येतं, आवडीनिवडी सोडाच, मुलगा की मुलगी हेही नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ च्या आतल्यांना ट्रॅक करून जाहिरात दाखवायला मनाई आहे. आणि हे बरोबरच आहे, माझा स्वतःचा भाऊ चौदाचा आहे.

पण तेव्हा घाईत मी शॉर्टकट मारला, वय १८–२४ करून टाकलं, म्हटलं मोठ्यांचं बघून लहान घेतील. रिपोर्ट झकास आला, रीच (ॲड किती जणांपर्यंत पोहोचली), व्ह्यूज, क्लिक सगळं वर. तीन आठवड्यांनी सरांनी मला कोल्हापूरला डीलरकडे पाठवलं. दुकानातले काका काही न बोलता मला मागच्या रॅककडे घेऊन गेले. नऊ-दहा नंबरचे कप्पे रिकामे, आणि चार-पाच-सहाचे बॉक्स पार छतापर्यंत. "मॅडम, कंपनी ह्यो माल परत घेणार काय?"

कॉलेजची पोरं बूट नेत होती, आणि ज्यांच्यासाठी ब्रँड काढला त्यांना तो माहीतच नव्हता. क्लिकवरून हे कधीच कळलं नसतं, नंबरवरून एका मिनिटात कळलं. म्हणून पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक डीलरकडून नंबरवार विक्री मागवा, व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो आला तरी चालेल. फक्त एक, कॉलेजच्या मुलींनाही चार-पाच नंबर लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक आईबरोबर आलं होतं का हेही विचारा.

घाबरू नका, यातून बाहेर येता येतं. आम्ही वय परत १३–१७ केलं, उरलेले पैसे क्लासेसच्या गल्ल्या आणि मुलं खेळतात त्या टर्फ मैदानांकडे वळवले, आणि आयांसाठी वेगळी ॲड केली. दुकानात उभं राहिलात तर दिसेल, आई खाली बसून बुटाचं टोक अंगठ्याने दाबते, पुढे जागा आहे का बघते, "वर्षभर पुरायला पाहिजे" म्हणते. त्या ॲडमध्ये तेवढंच दाखवलं. जूनमध्ये काकांचा मेसेज आला, पाच नंबर काळा संपला.

इन्फ्लुएन्सरच्या भरवशावर लाँच करू नका, हे माझं ठाम मत. केलंच तर पोस्टवर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहायला लावा, २०२१ पासून तसा नियम आहे. आणि दहा हजारांचे मार्केटिंगचे कोर्स विकणाऱ्यांपेक्षा तुम्हाला दुकानात पाठवणारा एक सीनियर धरून ठेवा.

अजून एक, विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे नागपूर-अमरावतीचं बजेट मे महिन्यात उडवू नका, जूनच्या शेवटासाठी वेगळं काढून ठेवा.