आखातात कामाला जाताय? या चुका टाळा

मुंब्रा, कळवा, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातून वेल्डर, फिटर, गवंडी, ड्रायव्हर म्हणून आखातात जाणारे कमी नाहीत. त्यांच्यातले जे फसतात, ते बहुतेक विमानात बसण्याआधीच फसलेले असतात.

व्हिजिट व्हिसावर निघणं

"आत्ता व्हिजिटवर जा, तिकडे कंपनी बदलून देईल," असं एजंटने सांगितलं की उठून घरी यावं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' (म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) छापलेलं असतं. अशा माणसाला सौदी, कुवेत, कतार, ओमान धरून १८ देशांत नोकरीला जायचं, तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी घ्यावी लागते. हे किचकट वाटतं खरं. पण त्यामुळेच मालक कोण, पगार किती, याची सरकारदरबारी नोंद होते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचं १० लाखांचं अपघाती कवच मिळतं. व्हिजिटवर गेलेल्याच्या हातात यातलं काहीच नसतं.

'आझाद व्हिसा'चंही तेच. कागदावर मालक एक आणि काम भलत्याकडे. पगार बुडाला तर तक्रार करायची कोणाविरुद्ध?

मागेल तेवढे पैसे देणं

नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. एजंटचा परवाना चालू आहे का, हे ई-मायग्रेटवर पाहता येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१६ची तत्त्वं तर त्याही पुढे जातात: भरतीचा खर्च कामगारावर टाकायचाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं दहावं विषमता कमी करण्याचं आहे. परदेशातल्या नोकरीसाठी कामगाराने किती पैसे घातले आणि तिथे महिन्याला किती कमावले, हे त्यात मोजलं जातं. मोजायलाच हवं. दागिने गहाण टाकून गेलेला माणूस मालकाने छळलं तरी काम सोडू शकत नाही, कारण मागे व्याज चालू असतं.

करार न वाचता सही

एकूण पगाराच्या आकड्यावर भुलू नका, मूळ पगार बघा. अमिरातीत किमान वर्षभर काम केलेल्याला नोकरी संपताना मिळणारी रक्कम, म्हणजे ग्रॅच्युइटी, मूळ पगारावर निघते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. म्हणून काही मालक मूळ पगार बारीक ठेवून भत्ते फुगवतात.

कतारमध्ये मार्च २०२१पासून किमान मूळ पगार १,००० रियाल आहे. मालक राहायची सोय करत नसेल तर वर ५००, जेवण देत नसेल तर ३००. घरकाम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. नोकरी बदलायला जुन्या मालकाची परवानगी लागण्याची अटही तिथे २०२०मध्ये गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८मध्ये दोह्यात कार्यालय उघडून कतार सरकारबरोबर काम केलं, त्यातून हे बदल झाले. एवढ्या खटपटीने मिळालेला हक्क आपल्या माणसाला माहीतच नसावा, याचं फार वाईट वाटतं.

कराराचे कामाचे तास, ओव्हरटाइम, राहणं-जेवण आणि परतीचं तिकीट हे मुद्दे कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या. तिकडे पोहोचल्यावर कमी पगाराचा दुसरा कागद पुढे केला, तर सही करू नका.

पासपोर्ट मालकाकडे देणं

कागदपत्रं अडकवून ठेवणं ही सक्तीच्या मजुरीची एक खूण मानली जाते. व्हिसाच्या कामासाठी दिलात तर काम होताच परत मागा.

अडकलातच तर

कामावरून पळून जाऊ नका. मालक फरार म्हणून नोंद करतो आणि तुमची बाजू लंगडी होते. आधी भारतीय दूतावास आणि तिथलं कामगार खातं गाठा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही इथून तक्रार टाकता येते. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पावतीचे फोटो निघण्याआधीच घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा.