मुलाची थीम पार्कची पहिली फेरी: राइड कशा निवडाव्यात

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा थीम पार्कला नेताना बहुतेक पालकांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, "याला कशाकशात बसू देतील?" मला हा प्रश्न अपुरा वाटतो. बसू द्यायचं की नाही हे पार्क ठरवतं. पण उतरल्यावर मूल पुढच्या राइडकडे धावत सुटेल की तुमच्या कमरेला मिठी मारून "घरी चल" म्हणेल, हे तुम्ही काय निवडलंत आणि कुठल्या क्रमाने निवडलंत यावर ठरतं. माझी मुलगी, मग भाचा, मग दोन पुतण्या, अशा बऱ्याच पहिल्या फेऱ्या मी केल्या आहेत. टोपी, पाणी, कपड्यांचा जादा जोड तुम्ही घ्यालच, त्याबद्दल इथे काही सांगत नाही.

घरीच उंची मोजा

बूट काढून, टाचा भिंतीला लावून, सेंटिमीटरमध्ये. राइडच्या दाराशी जी उंचीची पट्टी असते तिच्यावर ९०, १०५ ते ११०, १२० आणि १४० सेंमी असे टप्पे बऱ्याच ठिकाणी दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे ४ वर्षांच्या मुलाची मध्यम उंची साधारण १०३ सेंमी असते, ५ वर्षांच्या मुलाची ११० च्या आसपास. म्हणजे या वयाचं मूल नेमकं दोन टप्प्यांच्या मध्ये असतं. पार्कच्या संकेतस्थळावर राइडवार मर्यादा दिलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी वाचा आणि जिथे प्रवेश मिळणार नाही त्या राइडचं नावही मुलासमोर काढू नका.

बुटात जाड तळवा घालून किंवा अंबाडा उंच बांधून दोन सेंटिमीटर मिळवायचा सल्ला काही लोक हौसेने देतात. तो ऐकू नका. ती मर्यादा मूल किती धीट आहे यासाठी नसते, सीटच्या मापासाठी असते. मांडीवरचा दांडा कुठवर खाली येतो, खांद्यावरचा पट्टा कुठे बसतो, हा हिशेब त्या आकड्यामागे असतो. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, मान कोवळी असते आणि पाय खाली टेकत नाहीत, त्यामुळे झटका बसला की त्याला पाय रोवून सावरता येत नाही. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो जाड मांडीवर, म्हणजे तुमच्या मांडीवर, अडतो आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर मोकळी जागा राहते. बसल्या बसल्या ती जागा हाताने चाचपून पाहा. ती जास्त वाटली तर राइड सुरू व्हायच्या आत ऑपरेटरला हाक मारा, आणि त्याच्या उत्तराने तुमचं समाधान झालं नाही तर सरळ उतरा. मी दोनदा उतरले आहे.

पहिली राइड: जिथे दांडी मुलाच्या हातात असते

पहिली राइड उडत्या विमानांची घ्या. मधल्या खांबाभोवती विमानं गोल फिरतात आणि प्रत्येकात वर-खाली करायची एक दांडी असते. कुठे विमानांऐवजी हत्ती असतात, कुठे मधमाश्या. १९५५ साली डिस्नीलँड उघडलं त्याच उन्हाळ्यात तिथे उडत्या हत्तींची राइड आली होती, आणि त्या जातीची राइड आजही पार्कोपार्की दिसते. ती पहिली का घ्यायची? भीती वाटली की मूल दांडी खाली दाबतं आणि विमान खाली येतं. आपल्या हाताने भीती कमी करता येते हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. दांडी मुलाच्याच हातात ठेवा, तुम्ही लावू नका. सबंध वेळ विमान जमिनीलगत फिरलं तरी चालेल. माझा भाचा पहिल्या फेरीत एकदाही वर गेला नाही आणि तिसऱ्या फेरीत खाली यायला तयार नव्हता.

त्यानंतर छोटी आगगाडी, मग घोड्यांची चक्री. चक्रीत आतल्या रांगेतला घोडा घ्या. सगळे घोडे एकाच वेळात एक फेरा पुरा करतात, पण बाहेरच्याला जास्त लांबचा पल्ला कापावा लागतो, म्हणून तो जोरात पळतो. वर-खाली न होणारा घोडा मिळाला तर पहिल्यांदा तोच बरा.

बसण्याआधी राइड नीट बघा

इथे मी चुकले होते, म्हणून हे सविस्तर सांगते.

माझी मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. एक बोटीची राइड होती. पाटीवर सर्व वयोगटांसाठी असं लिहिलेलं, उंचीची अट नाही, वेग आपल्या चालण्याइतका. यापेक्षा सौम्य काय असणार, असं मला वाटलं. बोट कमानीतून आत गेली, मागे जाड पडदा पडला आणि मिट्ट काळोख झाला. पहिल्याच वळणावर भोंग्यासारखा आवाज आला आणि लाल उजेडात एक मोठं तोंड उघडलं. ती रडली नाही. तिने माझा अंगठा मुठीत धरला आणि बोट बाहेर येईपर्यंत तो सोडला नाही. उजेडात आल्यावर पाहिलं तर तिच्या नखांच्या खुणा माझ्या बोटावर उमटल्या होत्या. मग तिने भोकाड पसरलं. त्या दिवशी ती घोड्यावरसुद्धा बसली नाही, आणि पुढे वर्षभर प्रवासात बोगदा आला की डोळे गच्च मिटून घ्यायची.

उंचीची अट नाही याचा अर्थ एवढाच, की मुलाचं अंग त्या सीटवर सुरक्षित राहील. मूल घाबरणार नाही असा त्याचा अर्थ नसतो. इतक्या मुलांना नेल्यावर माझं मत पक्कं झालंय. या वयाच्या मुलाला उंची आणि वेग यांची जितकी भीती वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त काळोखाची, अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजाची आणि पुढे काय येणार हे न कळण्याची वाटते. उघड्यावरची थोडी वेगवान राइड त्याला झेपते. बंद इमारतीतली संथ राइड झेपेलच असं नाही. बहुतेक पालक याच्या नेमकं उलट धरून चालतात.

म्हणून कुठलीही राइड घेण्याआधी मी तिच्या बाहेर पडायच्या दाराशी उभी राहते. आत जायच्या दाराशी सगळेच हसत असतात. बाहेर येणाऱ्यांपैकी आपल्या मुलाच्या वयाची मुलं शोधा आणि त्यांचे चेहरे बघा. मोठ्या मुलांच्या किंकाळ्यांकडे लक्ष देऊ नका, ती मौजेने ओरडतात. चार-पाच वर्षांचं मूल बडबडत बाहेर आलं तर ठीक. गप्प, वडिलांच्या खांद्यात तोंड खुपसून आलं तर पुढच्या राइडकडे वळा. तीन-चार खेपा पाहिल्या की अंदाज येतो, त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

मग मुलाला जवळ घेऊन राइडची एक पूर्ण खेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा आणि दोघांनी मोठ्याने आकडे मोजा. "ऐंशी म्हटल्यावर थांबली बघ." बसल्यावर तेच आकडे पुन्हा म्हणा. राइड संपणार आहे आणि कधी संपणार आहे हे मुलाला ठाऊक असलं की निम्मी लढाई जिंकलीच.

खेप पाहताना एक तपासा: सगळा मार्ग बाहेरून दिसतो का? मध्येच रूळ भिंतीआड जात असेल, बोगदा असेल, पडदा असेल, तर मोठ्यांपैकी एकाने आधी एकट्याने जाऊन यायचं आणि आत काय आहे ते मुलाला जसंच्या तसं सांगायचं. बऱ्याच मोठ्या पार्कांत अदलाबदलीची सोय असते. एकजण राइड घेतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. दारावरच्या माणसाला विचारा. काळोखी राइड घ्यायचीच असेल तर घरी तिचा व्हिडिओ आवाज चालू ठेवून दाखवा. आवाज बंद करून दाखवण्यात काही अर्थ नाही, कारण घाबरवतो तो आवाजच. कान झाकणारे हेडफोन बरोबर असतील तर फार उपयोग होतो.

आवाजांची नावं आधीच सांगून ठेवा. कोस्टर, म्हणजे रुळांवरून उंच चढून जोरात खाली येणारी गाडी, चढावर जाताना साखळीचा खडखड आवाज येतो, दांडे उघडताना कधी हवेचा फुस्स आवाज होतो. ठाऊक नसलेल्या मुलाला वाटतं काहीतरी मोडलं.

आणि मुलाशी खोटं बोलू नका. "काही नाही होत" हे सर्वांत वाईट वाक्य, कारण काहीतरी होतंच आणि मग तुमच्या पुढच्या शब्दावर मूल विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा म्हणा, "उतारावर पोटात गोळा येईल. तीन म्हणेपर्यंत जाईल. मी हात धरलेला असेल."

"एकदा जबरदस्तीने बसवा, भीती मोडते" असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. मी हे करून झालेली मुलं पाहिली आहेत. भीती मोडत नाही, ती दुसऱ्या राइडवर, मग सगळ्या पार्कवर पसरते. मूल रांगेत नको म्हणालं तर रांगेतून बाहेर या. बसायच्या जागेशी पोचल्यावर नको म्हणालं तरीही या. तिथे बहुतेक ठिकाणी बाहेर जायची वाट असते आणि तिथल्या लोकांना याची रोजची सवय असते. अर्धा तास रांगेत घालवला याचा राग मुलावर काढू नका. पहिल्या फेरीत अर्ध्या तासाच्या रांगेची राइड मुळात घेऊच नये.

बाकीच्या राइड थोडक्यात

गोल फिरणारे कप: मधलं चाक जितकं फिरवाल तितका कप गरगरतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही. कानातल्या समतोल राखणाऱ्या नलिकांमधला द्रव आपण थांबल्यावरही काही क्षण हलत राहतो, त्यामुळे उतरल्यावर मूल लटपटतं. त्याला दोन मिनिटं बसवा. लागोपाठ दोन फिरणाऱ्या राइड नकोत, आणि खाल्ल्यावर लगेच एकही नको. मूल जांभया देऊ लागलं, पांढरं पडलं, एकदम गप्प झालं, की मळमळ सुरू झाली असं समजा.

जोरात गोल फिरणाऱ्या, बाहेरच्या बाजूला ढकलणाऱ्या गाड्या: मुलाला आतल्या बाजूला बसवा आणि तुम्ही बाहेरच्या. उलटं बसलात तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं. काही ठिकाणी तशी पाटी असते, नसली तरी हेच करा.

लहान मुलांचा कोस्टर: दुपारपर्यंत मूल खुलल्यावरच. मधला डबा घ्या. शेवटचा डबा माथ्यावरून ओढला जातो आणि तिथे झटका जास्त बसतो, तर पुढच्या डब्यातून उतार डोळ्यांसमोर दिसतो. एक गोष्ट आवर्जून पाहा: असे कोस्टर बऱ्याचदा दोन फेरे मारतात. पहिल्या फेऱ्यानंतर गाडी थांब्याजवळून तशीच पुढे जाते, आणि संपलं म्हणून सुटकेचा श्वास टाकलेलं मूल तिथे रडतं. दोन फेरे असतील तर आधी सांगा.

आकाशपाळणा: पहिला मोठा आकाशपाळणा १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिला, उंची सुमारे ८० मीटर. तेव्हापासून तो सगळ्यांना शांत वाटत आला आहे. पण माणसं चढ-उतार करताना तो मध्येच, कधी अगदी टोकाला, थांबतो आणि पाळणा झुलत राहतो. बंद खोलीचा असेल तर घ्या. उघडा असेल आणि मूल वळवळं असेल तर पहिल्या वेळी नको.

धडक गाड्या: पहिल्या फेरीत मी नाहीच म्हणते. मुद्दाम मारलेले झटके या मानेसाठी नाहीत.

पाण्याच्या राइड: सर्वांत शेवटी. ओलं आणि गारठलेलं मूल पुढे कशातच रमत नाही. लाकडी ओंडक्याच्या बोटीत मोठी घसरण बहुतेक वेळा शेवटी असते, ती आधी बाहेरून दाखवा.

किती राइड आणि कधी थांबायचं

पाच-सहा राइड पुष्कळ झाल्या. त्यातली एखादी पुन्हा पुन्हा मागितली तर द्या. आपण पैसे भरलेत म्हणून नवीन काहीतरी घे, असा आग्रह धरू नका. मुलाला ओळखीची राइड हवी असते, कारण तिथे पुढे काय होणार हे त्याला माहीत असतं. शेवटची राइड त्यालाच निवडू द्या आणि ती सोपी असली तरी हरकत घेऊ नका. मूल दमून चिडचिडं व्हायच्या अर्धा तास आधी बाहेर पडा, मग बाहेरचं दार कितीही लांब असो. त्या अंतराचा अंदाज सकाळी आत येतानाच घेऊन ठेवा, कारण परतताना मूल कडेवर असतं.