कॅरेक्टरची अलाइनमेंट कशी ठरवावी आणि खेळात कशी वापरावी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका वठवायच्या खेळात प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर घडवतो. त्याचा नैतिक कल सहसा दोन शब्दांत लिहितात, ती त्याची अलाइनमेंट: एक शब्द लॉफुल (संहितेने चालणारा), न्यूट्रल (मधला) किंवा केऑटिक (नियमापेक्षा स्वतःच्या मनाने चालणारा), दुसरा गुड, न्यूट्रल किंवा ईव्हल, असे मिळून नऊ पर्याय. कॅरेक्टरची माहिती लिहायच्या कागदावर, म्हणजे कॅरेक्टर शीटवर, हा रकाना बहुतेकदा अगदी वरच असतो. त्यामुळे बहुतेक जण तो आधीच भरून मोकळे होतात आणि मग सगळं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, त्या दोन शब्दांमागे फरपटत जातं. हा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा. ‘मी केऑटिक न्यूट्रल आहे, म्हणून खिसे कापतो’ ही उलटी गंगा झाली. तो खिसे का कापतो, कोणाचे कापतो आणि कोणाचे कधीच कापणार नाही हे आधी ठरवा. अलाइनमेंट म्हणजे त्या उत्तराला दिलेलं नाव.

आवृत्ती बघून घ्या. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलाडिन (शपथबद्ध धर्मयोद्धा) फक्त लॉफुल गुड असू शकतो, मंक (लढवय्या साधू) लॉफुलच लागतो आणि बार्बेरियन (रानटी योद्धा) लॉफुल चालत नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नऊऐवजी पाचच पर्याय आहेत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ परत आले, पण क्लासवरची, म्हणजे पॅलाडिन, मंक अशा पेशांवरची, बंधनं गेली. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या २०२३ च्या सुधारित नियमांत तर अलाइनमेंटच काढून टाकली आहे. तिथे काय करायचं आणि काय कधीच करायचं नाही याची यादी लिहितात. ज्या आवृत्तीने खेळता तिचंच पुस्तक उघडा. इंटरनेटवरचे अर्धे सल्ले दुसऱ्याच आवृत्तीचे असतात.

तीन वाक्यं लिहा. कॅरेक्टरला काय हवंय, कोणासाठी तो स्वतःचं नुकसान सोसेल, आणि कोणत्या गोष्टीला तो कधीच हात घालणार नाही.

गुड की ईव्हल. हे सोपं आहे. अनोळखी माणसासाठी झळ सोसणारा गुड, स्वतःच्या फायद्यासाठी अनोळखी माणसाचा बळी देणारा ईव्हल, दोन्ही न करणारा न्यूट्रल. आपल्या माणसांवर जीव लावणं यात मोजू नका, ते खुनशी दरोडेखोरही करतात.

लॉ की केऑस. खरी अडचण इथे आहे आणि तिला कारणही आहे. १९७४ च्या मूळ खेळात लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस एवढेच तीन पर्याय होते. कॅरेक्टर कोणत्या बाजूने उभा आहे हे त्यातून कळायचं, त्याचा स्वभाव नव्हे. गुड आणि ईव्हलचा दुसरा अक्ष खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७६ मध्ये मांडला आणि १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये नऊ चौकटी पक्क्या झाल्या. बाजू दाखवणारे शब्द स्वभाव दाखवायला लागले, पण स्वभाव म्हणून त्यांचा नेमका अर्थ कधीच नीट बसला नाही. टेबलावरची बहुतेक भांडणं इथूनच निघतात.

पहिला गैरसमज असा की लॉफुल माणूस समोर येईल तो कायदा पाळतो. मग पॅलाडिन गुलामांना सोडवतो आणि ‘या शहरात गुलामगिरी कायदेशीर आहे’ असं कळताच त्यांना परत नेऊन देतो. असं खेळू नका. लॉफुल माणसाने एक संहिता मनापासून स्वीकारलेली असते: देवळाची, घराण्याची, संघाची किंवा स्वतःची. तिच्याविरुद्ध जाणारा राजाचा हुकूम तो मोडतो, पण उघडपणे मोडतो आणि परिणाम अंगावर घेतो.

दुसरा गैरसमज त्याहून घातक: केऑटिक माणूस लहरी असतो. फासे टाकून वागणूक ठरवणारा, पुलाच्या मध्यावर उगाच दोर कापणारा कॅरेक्टर केऑटिक नसतो. त्याला स्वभावच दिलेला नसतो. केऑटिक माणसाच्या वागण्यातही सातत्य असतं. तो प्रत्येक प्रसंग नव्याने तोलतो आणि कालचा नियम आजही लागू आहे हे गृहीत धरत नाही. मित्राला दिलेला शब्द तो पाळतो, पण मित्र आहे म्हणून.

मग संहिता असलेला लॉफुल आणि तत्त्वं असलेला केऑटिक यांत फरक कसा करायचा? एकच प्रश्न विचारा: हा नियम मोडल्याने आज सगळ्यांचं भलं होणार आहे आणि कोणाला कळणारही नाही, तरी कॅरेक्टर तो पाळेल का? ‘हो, आणि त्याचा त्रासही होईल’ असं उत्तर आलं तर लॉफुल. ‘भलं होत असेल तर नियम कशाला?’ असं आलं तर केऑटिक. ‘मोडेन, पण मनाला लागेल’ असं आलं तर न्यूट्रल. उत्तर द्यायला एका मिनिटाहून जास्त वेळ लागला तरी न्यूट्रलच लिहा, बिनदिक्कत.

लॉफुल ठरला तर संहिता लिहून काढा. जास्तीत जास्त तीन कलमं, आणि त्यातली दोन कधीतरी एकमेकांशी भिडतील अशी. ‘शरण आलेल्याला मारायचं नाही’ आणि ‘संघाच्या प्रमुखाचा हुकूम मोडायचा नाही’ ही जोडी चांगली. न भिडणारी कलमं शीटवर पडून राहतात.

ट्रू न्यूट्रलबद्दल, म्हणजे दोन्ही अक्षांवर न्यूट्रल असण्याबद्दल, एक इशारा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या अलाइनमेंटचा अर्थ विश्वाचा तोल सांभाळणारा असा घेतला होता. त्यातल्या उदाहरणातला ड्रुइड (निसर्गाचा पुजारी) आधी नोल या राक्षसी जमातीच्या दुष्ट टोळीविरुद्ध लढतो आणि टोळी संपत आली की लढाई सोडतो किंवा बाजू बदलतो. हा प्रकार टेबलावर आणू नका, कारण असा साथीदार कोणतीही पार्टी, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कॅरेक्टरांची टोळी, जवळ ठेवणार नाही.

एका प्रसंगावर तपासा. लुटारू शरण आला आहे. ‘तळ कुठे आहे ते सांग, तुझ्या जिवाला मी हात लावणार नाही’ असा शब्द तुमच्या कॅरेक्टरने दिला आणि त्याने खरं ते सांगितलं. मोकळा सुटला तर तो पुन्हा गावं लुटणार. लॉफुल गुड त्याला बांधून न्यायाधीशापुढे उभा करेल, त्यात दोन दिवस गेले तरी. केऑटिक गुड माणूस बघून ठरवेल: घाबरलेलं पोर असेल तर भाकरी देऊन पिटाळेल, निर्ढावलेला खुनी असेल तर दिलेला शब्द त्याला अडवणार नाही. लॉफुल न्यूट्रल शब्द पाळेल, कारण तो दिला आहे. लॉफुल ईव्हलही अक्षरशः पाळेल: ‘मी हात लावणार नाही म्हणालो होतो, माझ्या साथीदाराने काही कबूल केलेलं नाही,’ असं म्हणून पाठ फिरवेल. केऑटिक ईव्हलने शब्द दिला तेव्हाच तो पाळायचा नव्हता. तुमचा कॅरेक्टर यातलं काय करेल हे तुम्हाला पटकन सुचलं आणि ते ठरवलेल्या चौकटीशी जुळलं नाही, तर चौकट बदला.

पार्टीत बसवा. ईव्हल कॅरेक्टर घ्यायचा असेल तर तो पार्टीतल्या बाकीच्यांना दगा का देणार नाही, याचं एक ठोस कारण लिहून डंजन मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) दाखवा. कारण सापडलं नाही तर तो कॅरेक्टर बाजूला ठेवा. ‘माझा कॅरेक्टर असाच वागतो’ ही सबब टेबलावर चालू देऊ नये. तो तसा वागतो कारण तुम्ही त्याला तसा घडवलात, आणि घडवलेलं बदलता येतं.

डंजन मास्टरने काय करायचं. पहिल्या आवृत्तीत अलाइनमेंट बदलली की लेव्हल (कॅरेक्टरने कमावलेली पायरी) गमवावी लागायची. ती पद्धत परत आणू नका. शिक्षेच्या भीतीने खेळाडू कॅरेक्टर वाढवायचं थांबवतात. कृती घडण्याआधी सांगा: ‘हे तुझ्या शपथेविरुद्ध जातंय आणि तुझ्या कॅरेक्टरला ते माहीत आहे. तरी करायचं?’ उत्तर ‘हो’ आलं तर होऊ द्या. एका चुकीने अलाइनमेंट बदलत नाही. सलग तीन सेशन्स (खेळाच्या बैठका) तेच वागणं दिसलं तर सेशन संपल्यावर खेळाडूशी एकट्याने बोला आणि रकाना त्यालाच बदलू द्या.

पाचव्या आवृत्तीत नियमांना अलाइनमेंटची गरज क्वचितच पडते. ‘डिटेक्ट ईव्हल अँड गुड’ हा मंत्र माणसाची नियत दाखवत नाही. तो अ‍ॅबरेशन, सेलेस्टियल, एलिमेंटल, फे, फीन्ड आणि अनडेड एवढेच माणसाबाहेरच्या जिवांचे प्रकार ओळखतो. समोरचा सराईत खुनी साधा माणूस असेल तर मंत्र गप्प राहतो. पण २०१४ च्या नियमांनी खेळत असाल तर ‘रोब ऑफ द आर्कमॅजाय’ या जादूच्या झग्यासारखी वस्तू देताना शीट तपासा. पांढरा झगा गुडसाठी, करडा न्यूट्रलसाठी, काळा ईव्हलसाठी. खजिन्यात चुकीचा रंग ठेवलात तर विझार्डला (जादूगाराला) तो वापरता येणार नाही.