मोठे टायर घ्यायचेत? सोलापूरचा रस्ता आणि मनालीचा बर्फ, दोन्हींचा हिशेब

सोलापुरात बर्फ पडत नाही, पण डिसेंबर जवळ आला की टायरच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास दिसतं. बोलेरो किंवा थार दारात लावलेली असते आणि मागणी ठरलेली असते: "मनालीला जायचंय, जरा मोठे आणि दणकट टायर दाखवा." दुकानदार मोठ्या ठोकळ्यांचे मड टायर पुढे करतो, गाडी उंच दिसायला लागते आणि सौदा होतो. पण बर्फाचा टायर, चिखलाचा टायर आणि पुणे-हैदराबाद हायवेवर रोज पळणारा टायर ही तीन वेगळी जनावरं आहेत. एकाच सेटमध्ये तिन्ही मिळत नाहीत. काय सोडायचं ते दुकानात पाय ठेवण्याआधी ठरवा.

आधी गाडीचं वर्ष मांडा

तुमची गाडी वर्षभर कुठे फिरते, ते प्रामाणिकपणे लिहून काढा. सोलापूर ते मनाली एका बाजूने दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे. त्यातला बर्फ म्हणाल तर सोलंगपासून अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंतचा टप्पा, तोही नशिबात असला तर. बाकी सगळं डांबर आणि काँक्रीट. परत आल्यावर पुन्हा तेच: मोहोळ, तुळजापूर, अक्कलकोट, आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडलेल्या उन्हात तापलेला रस्ता.

बहुतेक चालवणं हायवेवर असेल तर एचटी, म्हणजे हायवे टायर घ्या. शेतावर, वस्तीवर, कच्च्या रस्त्याने नेहमी जाणं असेल तर एटी, म्हणजे ऑल टेरेन. एमटी, म्हणजे मड टायर, माझ्या मते आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वद गाड्यांना लागतच नाही. डांबरावर तो घोंघावतो, डिझेल जास्त खातो आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला वेळ घेतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर त्याच्याही खाचा चिखलाने बुजतात. कडक बर्फावर तर तो आणखी उघडा पडतो. तिथे पकड देतात त्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा, आणि मड टायरच्या जाड ठोकळ्यांवर त्या फार कमी असतात.

टायरच्या भिंतीवरचं वाचायला शिका

समजा लिहिलंय २१५/७५ आर १५ १०० एस. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ हा इंचांत रिमचा व्यास. १०० हा वजनाचा अंक, म्हणजे एका टायरला ८०० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतची क्षमता. नवा टायर घेताना वजनाचा अंक कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी होता कामा नये. पिकअपमध्ये कांदा भरून मार्केट यार्डात जाणाऱ्यांनी तर आधी हाच अंक बघावा. मालवाहू गाडीला एलटी, म्हणजे लाइट ट्रक प्रकारचेच टायर घ्या. दिसायला सारखा म्हणून कारचा टायर बसवणं म्हणजे भर रस्त्यात फुटण्याला आमंत्रण.

आणखी दोन खुणा बघा. एक आयएसआयचा शिक्का. दुसरी, डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी असलेले चार आकडे. ३५२४ असेल तर टायर २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झालाय. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला माल "ऑफर"मध्ये मिळाला, तरी हा आकडा बघूनच पैसे द्या.

मोठा, पण किती मोठा?

इथे गणित करायला आळस करू नका. भिंतीची उंची दोनदा धरायची आणि रिमचा व्यास मिळवायचा. २१५/७५ आर १५ साठी भिंत १६१.२५ मिमी, दुप्पट ३२२.५, रिम ३८१, एकूण ७०३.५ मिमी. २३५/७५ आर १५ घेतला तर एकूण ७३३.५. व्यास ३० मिमी वाढला, म्हणजे साधारण सव्वाचार टक्के.

एवढा खर्च करून गाडी उचलली जाते फक्त १५ मिमी, कारण अर्धा व्यासच खाली येतो. उलट बाजूला काय होतं? स्पीडोमीटरने ८० दाखवलं तेव्हा चाक आधीपेक्षा जास्त अंतर कापतं आणि हिशेबाने वेग ८३ च्या पुढे जातो. मीटरवर १०० किलोमीटर पडले तेव्हा गाडी १०४ चाललेली असते, त्यामुळे ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं, तेव्हा ओरडण्याआधी हा फरक मिळवा. अर्थात ॲव्हरेज थोडं खरंही पडतं, कारण मोठा टायर जड असतो. उचल मंदावते, घाटात गिअर लवकर उतरवावा लागतो, ब्रेकला जास्त काम पडतं.

म्हणून व्यासातली वाढ तीन टक्क्यांच्या आत ठेवणं बरं. त्यापुढे जायचं असेल तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीने ते माप दिलंय का, ते बघा. दिलं असेल तर सगळ्यात निर्धोक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ मापात फेरफार करण्यावर बंधन घालतं, त्यामुळे चाक मडगार्डबाहेर डोकावेल असा प्रकार करू नका. अपघातानंतर विमावाल्याशी हुज्जत घालायची वेळ येते ती वेगळीच.

टायर कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक मापाला रिमची किमान आणि कमाल रुंदी दिलेली असते. तुमची रिम त्यात बसते का, हे दुकानदाराला तक्ता उघडून दाखवायला सांगा. "बसतंय की" हे उत्तर चालणार नाही.

खडू घेऊन बसा

चारही टायर बदलण्याआधी पुढे एकच टायर बसवायला सांगा. त्याच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळते तिथे, गोल फिरवून जाड खडू ओढा. मग इंजिन चालू करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण कापा, गाडी हळू पुढे-मागे घ्या, दुसऱ्या बाजूला कापा, पुन्हा तेच. उतरा आणि आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर, चासीच्या कडेला, ब्रेकच्या होजपाशी, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीपाशी, बॅटरीचा उजेड पाडून बघा. कुठे पांढरा पट्टा उमटला असेल तर टायर तिथे घासतोय. रिकाम्या गाडीत घासत नसेल, तरी मागे चार माणसं बसवून आणि एक पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवून पुन्हा बघा. सस्पेन्शन दबल्यावर जागा आणखी कमी होते.

लायनरला थोडासा स्पर्श होत असेल तर दुकानदार "कापून देतो" म्हणेल. होजपाशी मात्र बोटभरही जागा उरत नसेल तर ते माप विसरा.

बर्फाचं काय?

खरा हिवाळी टायर वेगळ्या रबराचा असतो. साधारण ७ अंशांखाली नेहमीचा टायर कडक व्हायला लागतो, हिवाळी टायर मऊ राहतो. हाच मऊपणा सोलापूरच्या उन्हाळ्यात शाप ठरतो, नक्षी भराभर झिजते. ज्यांची बदली वा नोकरी हिमाचल, काश्मीर, लडाखकडे आहे आणि गाडी महिनोन्महिने तिथेच राहणार आहे, त्यांनी हिवाळी टायरचा वेगळा सेट घ्यावा. सहलीसाठी घेऊ नये.

सहलवाल्यांनी एटी टायर घेताना भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेलं चिन्ह शोधावं. ते चिन्ह बर्फावरच्या चाचणीत टायर उतरल्यावरच मिळतं. नुसतं "एम प्लस एस" (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर तो उत्पादकाचा स्वतःचा दावा. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून तो चालतही नाही.

आता दुकानात कोणी सांगत नाही ती गोष्ट. रस्त्यावरच्या बर्फात रुंद टायर फायद्याचा नसतो. अरुंद टायर ताजा बर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्यावर चढून बसतो आणि तरंगतो. शिवाय बर्फ जास्त असला की सोलंगकडे पोलीस फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) किंवा चेन, म्हणजे पकडीसाठी टायरभोवती गुंडाळायची साखळी, लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. चेन टायरच्या मापाप्रमाणे घ्यावी लागते आणि ती टायरभोवती जागा खाते. जो मोठा टायर खडूच्या परीक्षेत जेमतेम पास झाला, त्यावर चेन चढवली की ती लायनर फाडणार किंवा होजला लागणार. म्हणजे बर्फासाठी म्हणून मोठे केलेले टायर बर्फातच चेनला आडवे येतात! चेन लावायची तयारी असेल तर मूळ मापच ठेवा.

बोलेरोसारख्या गाडीत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे चेन मागे लागते. फोर बाय फोरमध्ये कुठे लावायची, ते गाडीच्या पुस्तकात बघा. सोलापुरात अंगणातच दोनदा चढवून-उतरवून सराव करा. शेजारी हसतील, हसू द्यात. गारठलेल्या बोटांनी ते पहिल्यांदा शिकणं फार अवघड. चेनवर वेग ताशी ४० च्या आत ठेवा आणि डांबर उघडं लागलं की लगेच काढा.

नक्षीची कायदेशीर मर्यादा चारचाकीला १.६ मिमी आहे, पण बर्फात ४ मिमीखालचा टायर घेऊन जाऊ नका.

हवा आणि बाकीचं

तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पीएसआय कमी होते. उंचीवर गेज उलट थोडं जास्त दाखवतं. त्यामुळे आकडेमोड करत बसू नका, मनालीत सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजा आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. माप किंवा प्रकार बदलला असेल तर किती हवा ठेवायची, ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून घ्या. बर्फात पकड यावी म्हणून हवा सोडायचा सल्ला कोणी दिला तर डांबरावर तो पाळू नका. कमी हवेचा टायर तापतो आणि उन्हाळ्यात तोच आधी फुटतो.

बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले हवेत, नाहीतर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची घ्या, आणि मोठी स्टेपनी मागच्या दारावर किंवा गाडीखालच्या जागेत बसते का, ते दुकानातून निघण्याआधी लावून बघा.